परदेशातील अध्यापनवृत्ती आणि आमचा प्राध्यापक

परदेशी जाऊन आलेला प्राध्यापक म्हटले की आपल्याकडे एक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर येते. तो महानगरातला असतो. इंग्रजी त्याच्या घरात दोन पिढ्या बोलली जात असते. त्याचे गुरू त्याच्याआधी जाऊन आलेले असतात आणि अर्ज कसा भरावा हे त्यांनीच त्याला शिकवलेले असते. तालुक्याच्या गावी, संस्थाचालकांच्या मर्जीवर चालणाऱ्या महाविद्यालयात शिकवणारा, घराण्यातला पहिला पदवीधर असलेला दलित प्राध्यापक या चित्रात कुठेच दिसत नाही. दुसरे त्याला या चित्रात बसवत नाहीत, हे समजण्यासारखे आहे. तो स्वतःही स्वतःला तिथे बसवत नाही, ही गोष्ट मात्र अधिक गंभीर आहे.

परदेशातील विद्यापीठांत काही महिने शिकवण्याच्या, संशोधन करण्याच्या आणि आपल्या विषयात नवी भर घालण्याच्या ज्या संधी महाविद्यालयीन प्राध्यापकाला उपलब्ध आहेत, त्या नेमक्या काय आहेत, त्यांचे व्यवहार कसे चालतात आणि आपली माणसे त्यांत कमी का, याचा विचार येथे करावयाचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, तिकडच्या दरवाजापेक्षा इकडचा उंबरठा अधिक उंच आहे. अमेरिकेतील निवड समितीपर्यंत अर्ज पोहोचण्याआधीच तो आपल्याच महाविद्यालयाच्या कचेरीत अडतो. आणि पुष्कळदा तो लिहिलाच जात नाही.

आपली परंपरा

परदेशी विद्या आणि दलित समाज यांचा संबंध आपल्याला नवा नाही. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंडांची ती शिष्यवृत्ती होती, आणि परत आल्यावर बडोदे संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार तिला जोडलेला होता. मुदत संपल्यामुळे लंडनमधले शिक्षण अर्धवट टाकून ते १९१७ मध्ये परतले आणि करारानुसार बडोद्यास रुजू झाले. तेथे कोलंबियाच्या पदवीधराला राहायला जागा मिळाली नाही. कचेरीत कागद दुरून टाकले जात. हा इतिहास आपल्याला पाठ आहे.

पण या इतिहासाचा पुढचा भाग प्राध्यापकांनी विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि मार्च १९२० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. सोडली ती लंडनचा अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठी. त्यांच्या पगारातून केलेली बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज, एवढ्या भांडवलावर ते गेले. म्हणजे आमच्यातला पहिला थोर प्राध्यापक परदेशी गेला तो राजीनामा देऊन आणि कर्ज काढून. आज प्राध्यापकाला पगारी अभ्यासरजा आहे, प्रवासखर्चासह अध्यापनवृत्ती आहे. तरीही आपण जात नसू, तर कारणे शोधली पाहिजेत.

फुलब्राइट योजनेचा जन्म

या संधींपैकी फुलब्राइट योजनेचे उदाहरण सविस्तर घेऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचे पुष्कळ लष्करी सामान जगभर पडून होते. ते विकून येणाऱ्या पैशातून निरनिराळ्या देशांतील विद्यार्थी आणि अध्यापक यांची देवाणघेवाण करावी, अशी कल्पना आर्कान्सा राज्याचे सिनेटर विल्यम फुलब्राइट यांनी मांडली. १ ऑगस्ट १९४६ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांच्या सहीने तिचा कायदा झाला. भारताशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५० रोजी. २००८ साली नवा करार होऊन भारत सरकार खर्चात बरोबरीचे भागीदार झाले आणि भारतासाठीच्या वृत्तींना ‘फुलब्राइट-नेहरू’ असे नाव मिळाले. याचा अर्थ या वृत्तीत आपल्या करदात्यांचा पैसाही आहे. तिच्यावर कोणत्याही भारतीय प्राध्यापकाचा हक्क आहे. ती अमेरिकेची मेहेरबानी नव्हे.

या योजनेच्या जनकाविषयी एक गोष्ट आपण माहीत करून घेतली पाहिजे. जगातल्या माणसांनी एकमेकांना समजून घ्यावे असे सांगणारे हेच फुलब्राइट, काळ्या आणि गोऱ्या मुलांनी एका शाळेत बसावे या न्यायालयीन निर्णयाविरुद्ध दक्षिणेतील प्रतिनिधींनी १९५६ मध्ये काढलेल्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत होते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यालाही त्यांनी विरोध केला. परदेशी उदार आणि घरी सनातनी, हा प्रकार आपल्याला परिचयाचा आहे! पण इतिहास एवढ्यावर थांबत नाही. याच योजनेच्या वृत्तींची निवड करणाऱ्या अमेरिकी मंडळाचे अध्यक्षपद १९६६ ते १९६९ या काळात जॉन होप फ्रँकलिन या कृष्णवर्णीय इतिहासकाराने भूषविले. ते स्वतः फुलब्राइट प्राध्यापक म्हणून ऑस्ट्रेलियाला जाऊन आलेले होते. ज्या माणसाने दार उघडले, त्याच्या मनात कोण आत यावे याचे जे चित्र असेल ते असो. दार उघडल्यावर आत कोण गेले यावर त्या घराचे स्वरूप ठरते.

ही योजना राजकारणापासून अलिप्त आहे असे मात्र कोणी समजू नये. जून २०२५ मध्ये याच मंडळाच्या बहुतेक सर्व सदस्यांनी राजीनामे दिले. निवड झालेल्या उमेदवारांना अमेरिकी प्रशासनाने राजकीय कारणांनी नाकारले, असा त्यांचा आरोप होता. तेव्हा ज्या वर्षी अर्ज करावयाचा त्या वर्षीची जाहिरात आणि नियम नीट वाचूनच पाऊल टाकावे.

वृत्तीचे स्वरूप

अध्यापकांसाठीची मुख्य फुलब्राइट-नेहरू वृत्ती सामान्यतः चार ते नऊ महिन्यांची असते. तिच्यात तिकडच्या विद्यापीठात शिकवता येते, संशोधन करता येते किंवा दोन्हीचा मेळ घालता येतो. पीएच.डी. किंवा तिच्या तोडीचे प्रकाशित लेखन आणि अध्यापन-संशोधनाचा अनुभव ही तिची मूलभूत अट आहे. जाण्यायेण्याचे विमानभाडे, दरमहा निर्वाहवेतन, आजारपणाचे संरक्षण आणि व्हिसासाठी लागणारे साहाय्य वृत्तीतून मिळते. जे अजून पीएच.डी. करीत आहेत त्यांच्यासाठी सहा ते नऊ महिन्यांची वेगळी वृत्ती आहे, आणि ज्यांना पीएच.डी. मिळून फार वर्षे झालेली नाहीत त्यांच्यासाठी आणखी एक. वृत्तीवर गेलेल्या माणसाला परत येऊन दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. त्याआधी अमेरिकेत नोकरीचा किंवा कायम वास्तव्याचा परवाना मिळत नाही. ज्याला परत येऊन येथेच काम करावयाचे आहे, त्याला या अटीची भीती वाटण्याचे कारण नाही.

इतर मार्गही आहेत. जर्मनीची शैक्षणिक विनिमय संस्था ‘डाड’ विद्यापीठीय अध्यापकांना एक ते तीन महिन्यांच्या संशोधनभेटीसाठी साहाय्य देत आली आहे. युरोपीय संघाच्या ‘इरॅस्मस प्लस’ योजनेत अध्यापक पाच दिवसांपासून दोन महिन्यांपर्यंत तिकडच्या विद्यापीठात शिकवू शकतो; आठवड्याला किमान आठ तास शिकवावे लागते. मात्र त्यासाठी दोन संस्थांमध्ये आधी करार असावा लागतो आणि नाव आपल्या संस्थेनेच सुचवावे लागते. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, जी १९५० मध्ये स्थापन झाली, परदेशी विद्यापीठांतील भारतविद्येच्या अध्यासनांवर येथील प्राध्यापक पाठवते.

याखेरीज सामाजिक न्याय खात्याच्या शिष्यवृत्त्या आहेत: केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. या वयाच्या मर्यादेत, पदवी घेण्यासाठी असतात. त्यांतून शिकवण्याची संधी मिळत नाही, पण तरुण अध्यापकाला पीएच.डी.साठी त्या उपयोगी पडतात. येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. केंद्राच्या शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात बाबासाहेबांनी जो निबंध वाचला, त्याचा विषय भारतातील जाती हा होता. या नियमाखाली तो विषय घेऊन त्यांना ही शिष्यवृत्ती मिळाली नसती. दलित विद्यार्थ्याने परदेशी जावे, पण जातीचा अभ्यास करू नये, असा याचा अर्थ होतो. म्हणून ज्या वृत्तीत विषयाचे बंधन नाही तिचे महत्त्व आपल्यासाठी अधिक.

अर्जात काय असते

अर्ज म्हणजे गूढ विद्या नव्हे. त्याचे चार-पाच भाग असतात आणि प्रत्येक भाग शिकून घेता येतो.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा भाग प्रकल्पाच्या निवेदनाचा. काय करणार, ते आजवर कोणी किती केले आहे, ते अमेरिकेतच का करावयाचे आणि परत आल्यावर त्याचा कोणाला उपयोग, या चार प्रश्नांची उत्तरे त्यात असावी लागतात. आपली माणसे तिसऱ्या प्रश्नाशी अडखळतात. ‘तुलनात्मक अभ्यास करणार’ एवढे लिहून भागत नाही. तिकडच्या कोणत्या ग्रंथालयात कोणती कागदपत्रे आहेत आणि ती पाहिल्यावाचून काम का अडेल, हे सांगावे लागते. उदाहरणार्थ, १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहिले होते आणि ड्यू बॉइस यांनी उत्तर दिले होते. तो पत्रव्यवहार मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील संग्रहात आहे. इतिहासाच्या प्राध्यापकाने त्या संग्रहाच्या आधारे निवेदन लिहिले तर त्याला वजन येते. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. तेव्हापासून दोन्ही समाजांमधला हा धागा चालत आला आहे. मराठीचा प्राध्यापक दलित आत्मकथने आणि फ्रेडरिक डग्लस यांच्यासारख्या गुलामीतून सुटलेल्या माणसांची आत्मकथने समोरासमोर ठेवू शकतो. अर्थशास्त्राचा प्राध्यापक गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेत रूढ झालेली बटाईची शेती आणि आपल्याकडील सालगडी यांचा विचार करू शकतो. रसायनशास्त्राच्या दलित प्राध्यापकाने जातीवरच प्रकल्प केला पाहिजे असेही नाही. त्याने रसायनशास्त्राचाच करावा. आपल्या माणसाने फक्त आपल्या दुःखाविषयीच बोलावे, ही अपेक्षा हीसुद्धा एक अस्पृश्यताच आहे.

दुसरा भाग अध्यापनाचा. शिकवण्यासाठी जाणाऱ्याला तिकडे शिकवायच्या अभ्यासक्रमाची रूपरेषा द्यावी लागते. कोणत्या आठवड्यात काय वाचायचे, मूल्यमापन कसे होणार, हे त्यात लिहायचे असते. विद्यापीठाने ठरवून दिलेला अभ्यासक्रम वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या आपल्या प्राध्यापकाने स्वतःचा अभ्यासक्रम कधी रचलेलाच नसतो. ही सवय अर्ज करण्याच्या दोन वर्षे आधीपासून लावून घ्यावी. तिचा लाभ वृत्ती मिळाली नाही तरी आपल्या विद्यार्थ्यांना होतोच.

तिसरा भाग तिकडच्या यजमान प्राध्यापकाच्या निमंत्रणपत्राचा. हे पत्र असले तर अर्जाला बळ येते. ते ओळखीवर मिळते असा समज आहे. ज्याचे लेखन आपण वाचले आहे अशा अभ्यासकाला, त्याच्या लेखनाचा नेमका संदर्भ देऊन आणि आपला प्रकल्प एका पानात मांडून पत्र लिहिले, तर अनोळखी माणसालाही उत्तर येते. दहा पत्रे लिहावीत, दोनांची उत्तरे येतील. मोठ्या नावाच्या विद्यापीठांमागे सर्वच धावतात. हॉवर्ड, टस्कीगी यांसारख्या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक शिक्षणसंस्थांचाही विचार आपण केला पाहिजे. शिक्षण हे मुक्तीचे साधन आहे हे तेथे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

चौथा भाग शिफारसपत्रांचा. ‘हे सुशील व कष्टाळू आहेत’ अशा पत्राचा काही उपयोग नसतो. ज्याने आपले काम वाचले आहे त्यानेच ते लिहावे. आणि लिहिणाऱ्याला आपले निवेदन महिनाभर आधी द्यावे. मुलाखत इंग्रजीत होते. आपली इंग्रजी सफाईदार नसेल, पण विषय पक्का असेल, तर भाषा सरावाने सुधारते. पुढच्या अडथळ्याला मात्र सराव पुरत नाही.

इकडचा उंबरठा

पाचवा भाग मालकाच्या संमतीचा. निवड झाल्यास रजा मिळेल असे संस्थेने कळवावे लागते. खरी परीक्षा येथे होते.

नियम आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार तीन वर्षांच्या सलग सेवेनंतर अध्यापकाला अभ्यासरजा मिळू शकते. परत आल्यावर किमान तीन वर्षे सेवा करण्याचे बंधपत्र द्यावे लागते. सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक यांना सात वर्षांनंतर अभ्यासासाठी एक वर्षापर्यंतची विशेष रजा आहे. पण ‘मिळू शकते’ आणि ‘मिळते’ यांच्यामध्ये प्राचार्य, संस्थेचे सचिव आणि अध्यक्ष उभे असतात. जाहिरातीचे परिपत्रक कचेरीत येते आणि तेथेच राहते. ना-हरकत प्रमाणपत्राचा अर्ज ‘पुढील सभेत ठेवू’ म्हणून पडून राहतो आणि मुदत टळते. कोणी नकार दिलेला नसतो, त्यामुळे दाद कोणाकडे मागायची हेही कळत नाही. जेथे संस्था एका जातीची, संस्थाचालक त्याच जातीचे आणि आपला माणूस राखीव जागेवर आलेला, तेथे ‘तुम्हाला नोकरी दिली हेच पुष्कळ’ हा भाव न बोलता व्यक्त होतो. परीक्षेची कामे, प्रवेशाची कामे, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे त्याच्याच गळ्यात पडतात आणि संशोधनाला वेळ उरत नाही. मग ‘यांचे संशोधन कुठे आहे?’ असे विचारायला हेच लोक मोकळे!

याहून कठीण स्थिती तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची आहे. पात्रता आहे, पीएच.डी. आहे, पण नेमणूक तासांवर आहे. त्याला रजाच नाही. मग अभ्यासरजा कोठून येणार? तो गेला तर परत आल्यावर त्याचे तास दुसऱ्याला दिलेले असतात. राखीव जागांचा अनुशेष वर्षानुवर्षे न भरण्याचा हाही एक परिणाम आहे: माणूस वर्गात येतो, व्यवस्थेत येत नाही. दलित स्त्री-प्राध्यापिकेला संस्थेच्या संमतीबरोबर घराचीही संमती घ्यावी लागते, हा आपल्या चळवळीतील पुरुषांनी स्वतःला विचारावयाचा प्रश्न आहे.

जायचे कशासाठी

परदेशी जाण्याने प्रतिष्ठा मिळते, हे खरे; पण तेवढ्यासाठी ही खटपट करण्याचे कारण नाही. दलित साहित्य आज परदेशी विद्यापीठांत शिकवले जाते. एलिनॉर झेलियट, गेल ऑम्वेट यांच्यासारख्या अभ्यासकांनी आपल्या चळवळीचा अभ्यास करून तो जगापुढे मांडला, त्याचे ऋण आपण मानतो. पण आपल्याविषयी दुसऱ्यांनी लिहायचे आणि आपण त्यांना मुलाखती द्यायच्या, एवढेच कायम चालू राहणे बरे नाही. वर्गासमोर उभे राहून शिकवणारा दलित प्राध्यापक तेथे गेला पाहिजे.

तेथे गेल्यावर जात मागे राहील, या भ्रमातही राहू नये. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख केला. कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने २०२२ मध्ये आणि सिएटल शहराने २०२३ मध्ये तसेच केले. आडनाव विचारून अंदाज घेणारे लोक विमानाने आधीच तेथे पोहोचले आहेत, म्हणून हे करावे लागले. तेथील भारतीय मंडळात आपले स्वागत होईलच असे नाही, हे माहीत असलेले बरे.

करावयाचे काय? पहिले, परदेशी वृत्तींची परिपत्रके आठ दिवसांत सूचनाफलकावर लावली जावीत आणि रजेच्या अर्जावर ठरावीक मुदतीत, कारणांसह, लेखी निर्णय दिला जावा, ही मागणी प्राध्यापक संघटनांनी लावून धरावी. रजेचा अर्ज देताना आवक क्रमांकाची पोच घ्यावी. दुसरे, जो एकदा जाऊन आला त्याने आपले निवेदन आणि अभ्यासक्रमाची रूपरेषा इतरांना दाखवावी. वरच्या जातींत हे काम घराघरांत होते. आपल्याकडे ते संघटनेने केले पाहिजे. जिल्ह्याजिल्ह्यांत चार-पाच प्राध्यापकांनी एकत्र बसून एकमेकांचे अर्ज वाचावेत. अर्ज ते प्रयाण यांत वर्षभर सहज जाते, म्हणून तयारी दोन वर्षे आधी सुरू करावी. एकदा नाकारले गेल्यास पुन्हा अर्ज करावा. तिसरे, परत आलेल्या माणसाने तेथे मिळवलेले आपल्या भाषेत, आपल्या विद्यार्थ्यांपुढे मांडावे.

बाबासाहेबांनी परत आल्यावर १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाचा पाया घातला. परदेशी विद्येचा हिशेब त्यांनी असा चुकता केला. राजीनामा देऊन आणि कर्ज काढून जाण्याची वेळ आज आपल्यावर आलेली नाही. आपल्याला मागायचे आहे ते एक परिपत्रक, एक सही आणि हक्काची रजा. ती मागताना आवाज खाली ठेवण्याचे काही कारण नाही.